इस्रायल-पॅलेस्टाईन : पुढे ढकललेल्या प्रश्नांचा तिढा

वॉशिंग्टनमध्ये १३ सप्टेंबर १९९३ रोजी इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे अध्यक्ष यासर अराफत यांनी बिल क्लिंटन यांच्या साक्षीने हस्तांदोलन केले. त्या दिवशी ज्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या झाल्या, त्याचा उल्लेख आजही सर्रास ‘ओस्लो शांतता करार’ असा केला जातो. दस्तऐवजाचे स्वतःचे नाव मात्र पुष्कळ सावध आहे : अंतरिम स्वराज्य व्यवस्थेसंबंधी तत्त्वांचे घोषणापत्र. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षा आणि सीमा या ज्या प्रश्नांसाठी दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले, ते सगळेच या घोषणापत्राच्या पाचव्या कलमाने ‘अंतिम दर्जाच्या वाटाघाटीं’साठी राखून ठेवले. त्या वाटाघाटी तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत सुरू व्हाव्यात आणि पाच वर्षांत सारे पूर्ण व्हावे, अशी योजना होती. ती मुदत ४ मे १९९९ रोजी उलटली. अंतरिम व्यवस्था अजून चालूच आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात शस्त्रसंधी झाल्यापासून ‘द्विराष्ट्र तोडगा’ हा शब्दप्रयोग पुन्हा वारंवार कानी पडू लागला आहे. हा तोडगा प्रत्यक्षात का उतरत नाही, याचे उत्तर ‘दोन्ही बाजूंचा परस्परद्वेष’ एवढ्यावर सोडून देण्याची सवय आपल्याकडील चर्चांना लागली आहे. ते उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. द्वेष इजिप्त आणि इस्रायल यांच्यातही कमी नव्हता. १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ अशी चार युद्धे लढल्यानंतर १९७९ मध्ये त्यांचा करार झाला. तो करणारे अन्वर सादात यांना १९८१ मध्ये प्राण गमवावे लागले, तरीही करार टिकला. तेथे परत करावयाचे होते ते सिनाईचे वाळवंट. ते परत करता येण्याजोगे होते, आणि परत घेणारे एकच, सत्ता हाती असलेले सरकार कैरोत बसलेले होते. पॅलेस्टिनी प्रश्नात नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा आहे. कठीण प्रश्न उद्यावर टाकले गेले. आणि तो उद्या येईपर्यंत जमीन बदलली व स्वाक्षरी करणारे हात दुबळे झाले.

एकाच कागदाचे दोन अर्थ

घोषणापत्राच्या चार दिवस आधी, ९ सप्टेंबर रोजी, अराफत आणि राबिन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली होती. अराफत यांनी आपल्या पत्रात इस्रायल राष्ट्राचा शांततेने व सुरक्षिततेने अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. राबिन यांनी त्रोटक उत्तरात मान्यता दिली ती पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून. पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेख त्यात नाही. ओस्लोच्या मजकुरातही तो कोठे सापडत नाही. राबिन यांनी ५ ऑक्टोबर १९९५ रोजी इस्रायली संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, केलेल्या भाषणात पॅलेस्टिनींच्या भावी व्यवस्थेचे वर्णन ‘राष्ट्राहून काही कमी’ अशा अर्थाच्या शब्दांत केले होते. त्यानंतर एका महिन्याने, ४ नोव्हेंबर रोजी, एका ज्यू अतिरेक्याने त्यांची हत्या केली. एवढे कमी देऊ करणारा नेताही त्याच्याच समाजातील काहींना देशद्रोही वाटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हिशेबाची सुरुवात कोठून करावयाची, याबद्दलही मतभेद आहेत. पॅलेस्टिनींच्या दृष्टीने ब्रिटिश अमलाखालील संपूर्ण पॅलेस्टाईन हे मूळ. पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा मिळून त्याचा २२ टक्के भाग होतो. उरलेला ७८ टक्के भाग सोडण्याची तयारी १९८८ व १९९३ मध्ये दाखवली, तेव्हाच आपली तडजोड करून झाली, असे ते मानतात. इस्रायली वाटाघाटीकर्त्यांच्या दृष्टीने १९६७ मध्ये हाती आलेला हा २२ टक्के भागच वाटपाचा विषय आहे, आणि त्यातील ९० टक्क्यांहून अधिक देऊ करणे ही मोठीच उदारता. एका बाजूला जे औदार्य वाटते, ते दुसऱ्या बाजूला आधीच कापलेल्या भाकरीचा आणखी एक तुकडा तोडल्यासारखे भासते.

या वादाला एका शब्दाचेही निमित्त मिळाले आहे. सुरक्षा परिषदेच्या २२ नोव्हेंबर १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावात इस्रायलने युद्धात व्यापलेल्या ‘प्रदेशांतून’ माघार घ्यावी असे म्हटले आहे. इंग्रजी मजकुरात या शब्दापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच मजकुरात ते आहे. ‘काही प्रदेशांतून’ की ‘सर्व प्रदेशांतून’, हा खल त्यामुळे अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे. कोणताही पक्ष नाकारू नये म्हणून मुद्दाम धूसर ठेवलेली भाषा पुढे किती महाग पडते, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

बदलत गेलेली जमीन

सप्टेंबर १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने पश्चिम किनाऱ्याचे तीन विभाग केले. ‘अ’ विभागात नागरी व पोलिसी कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे. ‘ब’ विभागात नागरी कारभार त्यांच्याकडे, सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलकडे. ‘क’ विभागात दोन्ही अधिकार इस्रायलकडे. ‘क’ हा विभाग सुमारे ६० टक्के आहे. शिवाय तो सलग आहे, आणि ‘अ’ व ‘ब’ हे विभाग त्यात विखुरलेली दीडशेहून अधिक बेटे आहेत. एका पॅलेस्टिनी शहरातून दुसऱ्यात जाताना, शेताला पाणी नेताना, घरावर मजला चढवताना या नकाशाशी गाठ पडते. ‘क’ विभागात पॅलेस्टिनींना बांधकामाचा परवाना क्वचितच मिळतो आणि परवान्याविना बांधलेले घर पाडले जाऊ शकते. हा नकाशा टप्प्याटप्प्याने पुसला जाईल, अशी अपेक्षा होती.

तो पुसला गेला नाही. उलट त्यावर घरे उभी राहिली. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावरील इस्रायली वसाहतवाल्यांची संख्या लाख-सव्वा लाखाच्या आसपास होती. आज ती पाच लाखांच्या घरात आहे. पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांहून अधिक. चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९ वे कलम व्यापलेल्या भूमीत स्वतःची प्रजा वसवण्यास मनाई करते, असा बहुतेक जगाचा अर्थ. हा प्रदेश ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे, असे इस्रायलचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मधील सल्लादायी मतात हे म्हणणे अमान्य करून संपूर्ण ताबाच बेकायदा ठरवला.

कायद्याइतकाच भूगोल महत्त्वाचा आहे. १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेला, म्हणजे ‘हरित रेषे’ला, लागून असलेल्या वसाहती इस्रायलमध्ये सामावून घ्याव्यात आणि तेवढीच जमीन अन्यत्र पॅलेस्टिनींना द्यावी, ही अदलाबदलीची कल्पना दोन्ही बाजूंच्या वाटाघाटीकर्त्यांनी तत्त्वतः स्वीकारली होती. अडचण येते ती आत खोलवर गेलेल्या वसाहतींची. एरियल हे विद्यापीठ असलेले शहर हरित रेषेपासून पंधरा किलोमीटरहून अधिक आत आहे. जेरुसलेमच्या पूर्वेला माले अदुमीम आहे. त्या शहराला जेरुसलेमशी जोडणाऱ्या ‘ई-१’ नावाच्या पट्ट्यात बांधकाम झाले, तर पश्चिम किनाऱ्याचा उत्तर भाग, दक्षिण भाग आणि पूर्व जेरुसलेम यांचा परस्परसंबंध तुटतो. अमेरिका व युरोपच्या विरोधामुळे ही योजना अनेक वर्षे रखडली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलने तिला मंजुरी दिली. हिच्यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाईल, असे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी जाहीरपणे सांगितले. विरोधकांनी करावयाचा आरोप समर्थकांनीच अभिमानाने उच्चारल्यावर त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

जेरुसलेम

१९६७ च्या युद्धानंतर इस्रायलने सुमारे ७० चौरस किलोमीटर प्रदेश जेरुसलेमच्या हद्दीत ओढला. जॉर्डनच्या काळातील पूर्व जेरुसलेम नगरपालिका जेमतेम सहा चौरस किलोमीटरची होती. उरलेली भर आसपासच्या गावांच्या जमिनींची. आज ‘पूर्व जेरुसलेम’ या शब्दाने जे समजले जाते, त्याचा मोठा भाग १९६७ पूर्वी जेरुसलेम नव्हताच. वाटाघाटींत या भागांचे वाटप करणे तुलनेने सोपे गेले आहे. खरी कोंडी होते ती जुन्या शहरातील एका पठारावर. ज्यूंसाठी ते प्राचीन मंदिराचे स्थान, मुस्लिमांसाठी अल-अक्सा मशिदीचे व घुमटाचे पवित्र आवार. दैनंदिन व्यवस्था जॉर्डनशी संलग्न वक्फकडे, सुरक्षा इस्रायलकडे, अशी १९६७ पासूनची घडी आहे. सार्वभौमत्व कोणाचे, हा प्रश्न न विचारल्यामुळेच ती घडी टिकली, असे म्हणता येईल. अंतिम करारात मात्र तो विचारावाच लागतो. कॅम्प डेव्हिड येथे जुलै २००० मध्ये एहुद बराक, अराफत आणि क्लिंटन यांची बोलणी अनेक मुद्द्यांवर अडखळली, पण या पठाराशी येऊन थांबली.

घरांच्या किल्ल्या

१९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. त्यांना व त्यांच्या वंशजांना मिळून संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे नोंदलेल्या निर्वासितांची संख्या आज ५९ लाखांच्या आसपास आहे. गाझाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दोन तृतीयांश. परतीच्या हक्कासाठी पॅलेस्टिनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या डिसेंबर १९४८ मधील १९४ व्या ठरावाचा आधार घेतात. एवढे लोक परतले तर ज्यू बहुसंख्या संपेल, म्हणून इस्रायलमधील उजवे व डावे दोन्ही पक्ष हा हक्क शब्दशः मान्य करण्यास तयार नाहीत. त्याच काळात व नंतरच्या दशकांत अरब देशांतून लाखो ज्यूंनाही परागंदा व्हावे लागले. त्यांपैकी बहुतेकांना इस्रायलने सामावून घेतले, आणि आमच्या मालमत्तेचे काय, हा त्यांच्या वंशजांचा प्रश्नही अनुत्तरित आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न समजून घेण्यासाठी जवळचे एक उदाहरण आहे. कोकण किनाऱ्यावरून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायली इस्रायलच्या ज्या गावांत स्थिरावले, त्यांत दिमोना येते, तशीच लोद, रामला, बेरशेबा आणि अश्दोद हीही येतात. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथूनच निघत आले. ही मंडळी कोणाला हुसकावून गेली नव्हती. पुष्कळांना तर सरकारनेच त्या गावांत धाडले. परंतु १९४७ च्या फाळणी योजनेत लोद, रामला आणि बेरशेबा ही तिन्ही गावे अरब राष्ट्राच्या वाट्याला आली होती. लोद व रामला येथील अरब रहिवाशांना जुलै १९४८ मध्ये घालवून देण्यात आले. आजच्या अश्दोदजवळच्या ईसदूद गावचे लोक गाझाच्या छावण्यांत पोहोचले. रामल्लाच्या किंवा गाझाच्या एखाद्या घरात जपलेली जुनी किल्ली ज्या कुलपाची आहे, ते कुलूपच आता राहिलेले नाही. त्या जागी दुसऱ्याचे घर आहे आणि त्यात तिसरी पिढी नांदते आहे. म्हणूनच मर्यादित संख्येने पुनरागमन, इतरांना नुकसानभरपाई आणि भावी पॅलेस्टिनी राष्ट्रात वास्तव्याचा हक्क, असा व्यवहार्य मार्ग वाटाघाटींत वारंवार पुढे आला. पॅलेस्टिनी नेत्यांनी खाजगीत त्याचा विचार केला. छावण्यांतील आपल्या लोकांना तो उघडपणे सांगण्याचे धैर्य फारसे कोणी दाखवले नाही.

जवळ आलेले दोन क्षण

क्लिंटन यांनी २३ डिसेंबर २००० रोजी दोन्ही शिष्टमंडळांना आपली सूत्रे तोंडी वाचून दाखवली. पश्चिम किनाऱ्याचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टिनींना, वर थोडी अदलाबदल. जेरुसलेममधील अरब वस्त्या त्यांच्याकडे, ज्यू वस्त्या इस्रायलकडे. इस्रायली मंत्रिमंडळाने राखीव मुद्द्यांसह ती मान्य केली. अराफत यांच्या हरकती अधिक मुळाशी जाणाऱ्या होत्या. जानेवारीत इजिप्तमधील ताबा येथे चर्चा बरीच पुढे सरकली. पण तोवर क्लिंटन पायउतार झाले होते, दुसरा इंतिफादा पेटला होता आणि ६ फेब्रुवारी २००१ च्या निवडणुकीत बराक यांना हरवून एरियल शेरॉन सत्तेवर आले. पुढील चार-पाच वर्षांत सुमारे एक हजार इस्रायली आणि तीन हजार पॅलेस्टिनी मारले गेले.

दुसरा क्षण १६ सप्टेंबर २००८ चा. पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी महमूद अब्बास यांच्यासमोर एक नकाशा ठेवला. सुमारे ९४ टक्के प्रदेश आणि त्या बदल्यात इस्रायलमधील जमीन. जेरुसलेमच्या पवित्र परिसरावर सौदी अरेबिया, जॉर्डन, अमेरिका, इस्रायल व पॅलेस्टाईन या पाच देशांची देखरेख. आधी आद्याक्षरी करा, असा ओल्मर्ट यांचा आग्रह. आधी नकाशा सल्लागारांना दाखवू द्या, असा अब्बास यांचा. नकाशा हाती न मिळाल्याने अब्बास यांनी तो स्मरणाने कागदावर रेखाटून घेतला. भ्रष्टाचाराच्या चौकशीत सापडलेल्या ओल्मर्ट यांनी पद सोडण्याचे आधीच जाहीर केले होते. जाणाऱ्या पंतप्रधानाच्या शब्दावर आपले सर्वस्व लावावे काय, हा अब्बास यांचा प्रश्न निराधार नव्हता. आणि यापेक्षा चांगला प्रस्ताव त्यानंतर त्यांच्यापुढे आला नाही, हेही तितकेच खरे.

दोन्ही प्रसंगी वाटाघाटी पिकल्या त्या नेत्यांची सत्ता ओसरत असताना. हा केवळ दैवयोग नव्हे. सत्ता भक्कम असताना जोखीम पत्करावी असे त्यांच्या राजकारणात कोणालाच परवडत नाही.

स्वाक्षरीचा अधिकार कोणाचा?

पॅलेस्टिनी बाजूला आज एक राजकीय सत्ता नाही. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. अमेरिका व युरोपने त्या सरकारशी संबंध तोडले आणि जून २००७ मध्ये हमासने फतहला गाझातून शस्त्रबळाने हुसकले. तेव्हापासून गाझा आणि रामल्ला यांचा कारभार अलग. कायदेमंडळाची निवडणूक २००६ नंतर झालेलीच नाही. जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आलेले अब्बास आजही अध्यक्ष आहेत. १९९३ च्या घोषणापत्रावर पॅलेस्टिनी बाजूने स्वाक्षरी करणारेही तेच. हमासने २०१७ च्या निवेदनात १९६७ च्या सीमांवरील राष्ट्राची तयारी दाखवली, परंतु इस्रायलला मान्यता देण्याचे नाकारले. प्राधिकरणाच्या महसुलाचा मोठा भाग १९९४ च्या पॅरिस करारानुसार इस्रायल गोळा करतो आणि अनेकदा रोखून धरतो. तिजोरीची किल्ली वाटाघाटीतील प्रतिपक्षाच्या खिशात असल्यावर लोकांत त्या सरकारची पत काय राहणार?

इस्रायली बाजूला सरकार निवडून येते, पण ते बहुधा लहान पक्षांच्या टेकूवर उभे असते. १२० सदस्यांच्या क्नेसेटमध्ये एकाही पक्षाला आजवर स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. शिवाय २०१४ च्या मूलभूत कायद्याप्रमाणे इस्रायली कायदा लागू असलेला कोणताही भाग सोडायचा, तर ८० सदस्यांची संमती किंवा सार्वमत लागते. पूर्व जेरुसलेम त्यात मोडते. जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या स्थापनेविरुद्धचा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. विरोधी बाकांवरील काहींनीही त्यास पाठिंबा दिला होता.

वाटाघाटी पुढे सरकू लागल्या की हिंसाचार उसळतो, असाही अनुभव आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने २९ नमाजींना ठार केले. एप्रिलमध्ये हमासने अफुला व हदेरा येथे आत्मघाती स्फोट घडवले. १९९६ च्या आरंभीच्या बसस्फोटांनंतर शिमॉन पेरेस यांचा बेंजामिन नेतान्याहू यांच्याकडून एक टक्क्याहून कमी फरकाने पराभव झाला. मार्च २००२ मध्ये बैरुतच्या अरब शिखर परिषदेत, १९६७ च्या सीमांपर्यंत माघारीच्या बदल्यात सर्व अरब देशांशी सामान्य संबंध, हा सौदी प्रस्ताव मांडला जात होता. त्याच संध्याकाळी नेतान्याच्या हॉटेलात वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी स्फोट झाला आणि ३० जण दगावले. प्रस्तावाची बातमी त्या धुरात हरवली. दोन्हीकडच्या अतिरेक्यांना बोलणी उधळण्यासाठी बहुमत लागत नाही. एक माणूस पुरतो.

सामान्य इस्रायली मतदाराची भीती याच अनुभवातून घडली आहे. २००० मध्ये दक्षिण लेबनॉन सोडले तेथे हिजबुल्ला बळावली; २००५ मध्ये गाझातील २१ वसाहती उठवल्या तेथून अग्निबाण आले. गाझा सोडताना शेरॉन यांनी अब्बास यांच्याशी करार न करता एकतर्फी माघार घेतली, आणि श्रेय आपोआप हमासच्या झोळीत पडले, हा या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले व २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ६५ हजारांहून अधिक पॅलेस्टिनींचा बळी गेला आणि जवळजवळ संपूर्ण लोकसंख्या बेघर झाली. ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्यापुढे सीमारेषेच्या टक्केवारीची भाषा आज कोणी बोलू धजत नाही.

बाहेरच्या देशांचे वजन

भारताने १९४७ च्या फाळणी योजनेविरुद्ध मत दिले, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने जो ठराव १४२ मतांनी संमत झाला, त्यात भारताचे मत होते. त्याच महिन्यात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. मान्यतेने ध्वज उभारता येतो. ‘क’ विभागात एक रस्ता मात्र बांधता येत नाही. ते वजन केवळ अमेरिकेकडे आहे, आणि ते वापरण्याची तिची इच्छा दर निवडणुकीगणिक बदलते.

सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी २८०३ क्रमांकाच्या ठरावाने अमेरिकेच्या गाझा योजनेला संमती दिली. रशिया व चीन तटस्थ राहिले. आंतरराष्ट्रीय स्थिरीकरण दल आणि गाझाच्या कारभारासाठी शांतता मंडळ, अशी व्यवस्था त्यात आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने सुधारणा पूर्ण केल्यावर आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे गेल्यावर स्वयंनिर्णय व राष्ट्रत्वाकडे जाणाऱ्या मार्गासाठी अनुकूल परिस्थिती निर्माण होऊ शकेल, अशा सशर्त भाषेत राष्ट्राचा उल्लेख येतो. मंडळाच्या व दलाच्या अधिकाराची मुदत ३१ डिसेंबर २०२७ अशी नमूद आहे. राष्ट्रासाठी कोणतीही तारीख दिलेली नाही.